लेडीबाई आणि शतावरीचे दिवस

आला बाई परत तो स्टॉल. आमच्या श्टाटबानच्या, म्हणजे ट्रामच्या, स्टॉपसमोर, बेकरीला लागून, हिरव्या छत्रीखाली श्पार्गल नावाच्या पांढऱ्या, काडीसारख्या भाजीचे ढीग आणि त्यांच्यामागे रबरी हातमोजे घातलेली तीच धिप्पाड बाई. एप्रिल सरत आला की या हॅनोव्हरच्या लोकांना काय होतं देव जाणे. एरवी जिन्यात समोर आले तर 'मोर्गन' म्हणायलाही ज्यांच्या जिवावर येतं, ती माणसं खालचं दार धरून उभी राहतात आणि विचारतात, "काय, खाल्लात की नाही यंदाचा?" कँटीनमध्ये श्पार्गल, हॉटेलच्या पाट्यांवर श्पार्गल, मंदारच्या ऑफिसची वार्षिक पार्टीसुद्धा श्पार्गलची. आणि जूनअखेर योहानिस्टागचा सण उजाडला की खेळ खलास. मग तो कापायचा नाही, खायचा नाही, पुढच्या वर्षीपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. आपल्याकडे आंब्याचं होतं तसंच सगळं, फक्त आंब्याला चव असते.

"तुला नाही कळणार ते," मंदार म्हणतो. इतकी वर्षं इथे राहून तो आता निम्मा जर्मन झालाय, दर वाक्यामागे 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतो. नाही कळत मला, बरोबर आहे. मी जुडी विकत आणते, एकेक काडी आडवी धरून टोकाखालपासून साल काढते, चिमूटभर साखर घालून उकडते, वर लोणी सोडते. तो जेवतो. मी वरणभात खाते.

ही भाजी उजेडात वाढू देत नाहीत. वरून मातीचे लांबच लांब वरंबे घालतात आणि तिनं डोकं वर काढायच्या आत मातीत हात घालून कापतात. उजेड लागला तर ती आधी जांभळट होते, मग हिरवी. मग ती वेगळी भाजी, तिचा तो मान नाही. हे सगळं मला लेडीबाईंनी सांगितलं होतं, मी ज्यांच्या सोबतीला जायचे त्या इंग्लिश बाईंनी. त्या भाजीबद्दलच बोलत होत्या, मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. दर वर्षी स्टॉल लागला की मला त्याच आठवतात आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. कुणावर, ते नीट सांगता येत नाही. कधी त्यांच्यावर, कधी त्यांच्या त्या राणीसाहेबांवर. कधी सोलाणं घेऊन सिंकपाशी उभ्या असलेल्या माझ्यावरच.

तेव्हा मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. इंग्रजीतलं एम.ए., तुटकं जर्मन आणि दिवसभर घरात एकटी. भाषेच्या क्लासमधल्या एका आयरिश मुलीनं सांगितलं की सोफी नावाच्या एका बाईंना आपल्या आईसाठी इंग्रजी बोलणारी सोबतीण हवी आहे. आई इंग्लंडची, वय झालेलं, हेरेनहाउझनच्या बागेजवळ म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात राहते आणि जर्मन शिकायला ठाम नकार देते. दुपारचे तीन-चार तास जायचं, वाचून दाखवायचं, बागेत फिरवून आणायचं. मिनीजॉब. मी लगेच हो म्हटलं. भिंतींशी बोलण्यापेक्षा म्हातारी बरी.

सोफी जनावरांची डॉक्टर. उंच, रुंद हाडाची, रबरी बूट घालून थेट गोठ्यातून आल्यासारखी. पहिल्याच दिवशी दारात मला म्हणाली, "माझी आई दरबारात होती. तू विचार, न विचार, ती सांगेलच. हो म्हणत जा."

दरबारात म्हणजे राजघराण्यातल्या एका बाईंच्या सेवेत. राणी नव्हे, पण राणीच्या अगदी जवळची. नाव मी लिहिणार नाही. लेडीबाईंनीच मला शिकवलं की नाव घ्यायचं नसतं. आम्ही घरी आपलं 'राणीसाहेब' म्हणायचो. लेडीबाईंचं खरं नाव लेडी विनिफ्रेड. बाप उमराव, नवरा उमराव, शेतीवाडी, घोडे. लग्न होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच राजवाड्यातून विचारणा आली आणि तेव्हापासून केस पांढरे होईपर्यंत त्या राणीसाहेबांच्या मागे होत्या. मागे म्हणजे अक्षरशः मागे. राणीसाहेब पुढे चालायच्या आणि या त्यांच्या डाव्या खांद्यामागून.

"तुम्ही करायचात काय नेमकं?" मी एकदा विचारलं.

"फुलं धरायची," त्या म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत. नव्हत्या. राणीसाहेब कुठेही गेल्या की लोक फुलं देणार, लहान मुली गुच्छ देणार. राणीसाहेबांनी तो घ्यायचा, हसायचं आणि मागे न बघता हात मागे करायचा. तिथे आपला हात असायलाच हवा. गुच्छ खाली पडला, असं एकदाही झालं नाही, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

शिवाय पर्समध्ये जास्तीचे हातमोजे, जास्तीचे पायमोजे, सेफ्टीपिना. समोरून येणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायचं आणि ते राणीसाहेबांच्या कानात सांगायचं, म्हणजे राणीसाहेब त्याला नावानं हाक मारणार आणि तो जन्मभर खूश. माझं नाव मेधा. मंदारच्या साहेबांना ते अजून जमत नाही. लेडीबाईंनी एकदा ऐकलं, एकदा म्हणून दाखवलं, अर्थ विचारला, संपलं. त्या निवासातल्या झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत, त्यांच्या बायकामुलांसकट सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती.

आणि बसायचं नाही. राणीसाहेब बसल्याशिवाय नाही. आजारी पडायचं नाही. राणीसाहेबांच्या आधी बोलायचं नाही. त्यांनी काटाचमचा खाली ठेवला की सगळ्यांची ताटं उचलली जायची आणि या बसणार टेबलाच्या पार टोकाला, म्हणजे वाढलं शेवटी आणि उचललं पहिल्यांदा. त्यामुळे लेडीबाई जेवायच्या कशा, तर गिळायच्या. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच ताटातला श्पार्गल, कुणी मागे लागलेलं नाही, तरी त्या हातानं काडी उचलून (इंग्लंडात हातानंच खातात म्हणे) घास न चावता आत ढकलायच्या आणि मग रिकामं ताट पुढ्यात घेऊन शांत बसायच्या. माझं निम्मंही झालेलं नसायचं.

त्याच मोसमात माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या. लेकाचा संसार बघायला. मी त्यांना आई म्हणते. आई मराठी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि रिटायर झाल्यावर त्यांना शाळा म्हणून मीच तेवढी उरले होते. पहिल्याच दिवशी मी श्पार्गल सोलायला घेतला तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काडी हातात घेतली. "अगं, ही तर शतावरीची जात! बाळंतिणीला देतात." मग माझ्या पोटाकडे एक नजर टाकून, "मग? काही बातमी?"

"नाही आई. इथे सगळेच खातात."

"पुरुष पण?"

"पुरुष पण."

"अगंबाई," म्हणाल्या आणि रात्री मंदारच्या ताटातला श्पार्गल त्यांनी माझ्या ताटात वाढला.

मी दुपारी कुठे जाते, हे त्यांना सांगणं भागच होतं. मी सगळं सांगितलं, फुलं, मोजे, उभं राहणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे राणीची मोलकरीण."

"नाही हो आई. उमरावाची मुलगी ती. मोलकरणी वेगळ्या असतात, तिला स्वतःलाच होत्या."

"पगार किती मिळायचा?"

"पगार नसतो. मानाचं काम ते."

"पगार नाही, सुट्टी नाही, उभं राहायचं, शेवटी जेवायचं, उलट बोलायचं नाही." आईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मग सूनच की गं ती!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मंदारही हसला. मीही हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या लेडीबाई झाल्या, आणि मला रात्री झोप येईना. एवढं मोठं वाक्य माझ्या सासूनं हसता हसता टाकलं आणि लगेच म्हणाली, "जरा पाणी दे गं."

आईंना लेडीबाई बघायच्याच होत्या. एका रविवारी घेऊन गेले. आईंनी इरकल नेसली होती, त्यावर मंदारचं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज. लेडीबाई दारापर्यंत चालत आल्या, रोलाटोर न घेता. तो चाकांचा आधार त्यांना कमीपणाचा वाटायचा. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मी दोन्ही बाजूंचं भाषांतर करत उभीच होते, कारण आई भिंतीवरचे फोटो बघत उभ्या होत्या. फोटोंत सगळीकडे राणीसाहेब. आणि कडेला, अर्धवट कापली गेलेली, फिक्या कपड्यांतली एक बाई. आई बसल्या तशी मी बसले. लेडीबाईंनी ते टिपलं.

"तू दरबारात फार शोभली असतीस, मेधा," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणालाच मिळाली नसेल. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"काय म्हणाली?" आई.

"म्हणाल्या, मी दरबारात शोभले असते."

"शोभशील हो. मीठ तेवढं बेताचं घाल म्हणावं तिथे." मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "तिला विचार गं, पाय नाही दुखायचे एवढं उभं राहून?"

मी विचारलं. इतके दिवस मी त्यांच्याकडे जात होते, मला स्वतःहून हे विचारायचं सुचलं नव्हतं. मग खाली वाकून, अगदी सावकाश, लेडीबाईंनी उजवा बूट काढला. अंगठा पार आडवा होऊन शेजारच्या बोटावर चढलेला, बाजूला लिंबाएवढं हाड वर आलेलं. आई "अरेरे" म्हणाल्या. आपला मोजा उतरवून त्यांनीही टाच पुढे केली. शाळेत फळ्यापाशी आणि घरी ओट्यापाशी उभं राहून पडलेल्या भेगा. दोघी एकमेकींचे पाय बघत बसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच कप धुवत राहिले.

याच सुमाराला बातमी आली की राणीसाहेब हॅनोव्हरला येणार. इथल्याच राजांचं घराणं पूर्वी इंग्लंडच्या गादीवर गेलेलं, त्यामुळे त्या घरातलं कुणी ना कुणी अधूनमधून या बागेत येऊन झाड लावून जातं. लेडीबाईंना मी पेपरातली बातमी इंग्रजीतून वाचून दाखवली. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला.

"त्या माझ्याशी बोलतील," त्या म्हणाल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा राणीसाहेब परदेशात होत्या. नीट निरोप असा झालाच नव्हता. चांदीची एक डबी आली होती, सही असलेला फोटो आला होता. पण उभ्या आयुष्यात राणीसाहेब 'फुलं', 'छत्री', 'गाडी आली का' याखेरीज त्यांच्याशी स्वतःहून असं काय बोलल्या, हे मला त्यांच्या कुठल्याच आठवणीत सापडलं नव्हतं. आता त्यांना एक वाक्य हवं होतं. फार नाही. "विनिफ्रेड, तू इथे?" एवढंही चाललं असतं. तेच मला बोलून दाखवताना त्यांचा आवाज इतका कोवळा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मी म्हटलं, "कळवूया ना मग! मी ईमेल लिहिते. त्यांच्या माणसांना नुसतं कळलं की तुम्ही इथे आहात, तर तुम्हाला आत खुर्ची मिळेल, चहाला बोलावतील."

"छे." जणू मी त्यांना भीक मागायला सांगितलं. "आपणहून विचारायचं नसतं."

सोफीही म्हणाली, "ममा, मी एक फोन करते." त्यावर त्यांनी लेकीकडे असं पाहिलं की एवढी बैलांना आवरणारी बाई, पण शाळकरी पोरीसारखी उठून खोलीबाहेर गेली. बाहेर पॅसेजमध्ये मला म्हणाली, "मला गोवर आला होता, तेव्हा ती राणीसाहेबांबरोबर दौऱ्यावर होती. शाळेच्या बक्षीस समारंभाला नव्हती. बाबा गेले त्या दिवशी तिनं संध्याकाळचा कार्यक्रम पूर्ण केला आणि मग घरी आली. मी लहान होते ना, मला वाटायचं, तिथे नक्की काहीतरी असणार. माझ्यापेक्षा मोठं काहीतरी. उगाच कशाला जाईल ती?"

मग तयारी सुरू झाली. रोज दुपारी वाचन बाजूला ठेवून आम्ही कर्टसीचा सराव करायचो. एक पाय मागे, गुडघे वाकवून, पाठ ताठ, नजर खाली. एका हातानं खुर्चीची पाठ आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. खाली जाणं जमायचं, वर येणं नाही. गुडघा कटकन वाजायचा. त्या ओठ चावायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." घरी येऊन मी आईंना सांगितलं तर आई म्हणाल्या, "तिला म्हणावं, तेल लाव. आणि त्या राणीला म्हणावं, एवढ्या वयात कुणाला वाकायला लावू नये." मी म्हटलं, "आई, परवा मंदारच्या मावशींचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तुम्ही मला फोनसमोर वाकून नमस्कार करायला लावलात." आई म्हणाल्या, "ते वेगळं."

कपड्यांवरून तर माझं त्यांच्याशी भांडणच झालं. कपाटात एक निळी हॅट होती, मोरपंखी, सुरेख. म्हटलं, ही घाला, एवढ्या गर्दीत उठून दिसाल. "म्हणूनच नाही घालायची," लेडीबाई म्हणाल्या. "राणीसाहेबांच्या जवळ असताना आपल्याकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये." आणि त्यांनी राखाडी कोट काढला, राखाडी हॅट काढली. दोन्ही बागेतल्या वाटेवरच्या खडीच्या रंगाची. म्हणजे ओळखावं तर त्यांनी, पण कळवायचं आपण नाही, बोलायचं आपण नाही, दिसायचं आपण नाही! मी चिडून म्हटलं, "मग त्यांना कळणार कसं, तुम्ही आहात ते?" लेडीबाईंनी हॅटवरची धूळ ब्रशानं झटकली. "त्यांना कळेल."

तो दिवस स्वच्छ होता. लिंडेनच्या झाडांना मोहर आलेला, सगळ्या रस्त्यावर तो गोडसर वास. आम्ही सकाळीच बागेत जाऊन गर्दीसाठी बांधलेल्या दोराला लागून जागा धरली, लेडीबाई, मी आणि गाडी लावून आलेली सोफी. रोलाटोर त्यांनी गाडीतच ठेवायला लावला. माझ्या दंडाला धरून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. शेजारच्या एका माणसानं घडीची खुर्ची देऊ केली. "डांके," म्हणाल्या (तेवढं एक जर्मन त्यांना येत होतं), पण बसल्या नाहीत. मी विनवलं, सोफी रागावली. छे. राणीसाहेब येणार होत्या आणि राणीसाहेबांसमोर बसायचं नसतं, त्या यायच्या आधीपासूनच नसतं.

त्या आल्या. एक म्हाताऱ्या, ठेंगण्या, पिवळ्याधमक कोटातल्या बाई. खरं सांगते, माझी निराशा झाली. आमच्या सांगलीच्या शेजारीण कुलकर्णी काकू दिसतात त्याहून वेगळ्या नव्हत्या. दोराच्या कडेकडेनं चालत त्या लोकांशी बोलत येत होत्या, हवा किती छान, तुम्ही कुठून आलात. मागे डाव्या खांद्याशी, फिक्या कपड्यांत एक तरुण बाई. लेडीबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली.

आमच्या शेजाऱ्यांपर्यंत आल्या. त्यांच्याशी बोलल्या. आमच्यासमोर आल्या. माझी साडी बघून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती सुंदर रंग! भारतातून आलात?" माझ्याशी! मी 'हो' म्हटलं की काय म्हटलं ते आठवत नाही. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मी कोण, माझं सोडा, ही बघा, ही शेजारी कोण आहे ती बघा! पण लेडीबाईंनी नजर खाली घातली होती आणि त्या गुडघा वाकवत खाली जायला लागल्या होत्या. राखाडी हॅटचं वरचं वर्तुळ तेवढं राणीसाहेबांना दिसलं असेल. तेवढ्यात समोरून, वाटेच्या पलीकडून, एका छोट्या मुलीला तिच्या आईनं पुढे ढकललं. राणीसाहेब तिच्याकडे वळल्या. आमच्याकडे पाठ झाली. मुलीनं गुलाबी फुलांचा गुच्छ दिला, राणीसाहेबांनी घेतला, वाकून तिच्या गालाला बोट लावलं आणि मागे न बघता हात मागे केला.

ती तरुण बाई दुसऱ्या कुणाशी तरी बोलण्यात जराशी मागे पडली होती. हात रिकाम्या जागेत आला. आणि गुडघ्यात वाकलेल्या लेडीबाई, ज्यांना वर यायला रोज माझं मनगट लागायचं, त्या कशा उठल्या आणि दोरावरून कधी वाकल्या ते मला दिसलंसुद्धा नाही. गुच्छ त्यांच्या हातात होता. राणीसाहेब पुढे गेल्या.

दोन्ही हातांत फुलं धरून लेडीबाई उभ्या होत्या, फोटोंत उभ्या असायच्या तशाच. मग ती तरुण बाई लगबगीनं आली. गोड हसली. "थँक यू सो मच, मी घेते ती," म्हणाली. लेडीबाईंनी गुच्छ दिला. देताना देठ तिच्या हातात येईल असा फिरवून दिला. ती बाई गेली. आणि त्या पाठमोऱ्या पिवळ्या कोटाला, जो आता पार कारंज्यापाशी पोचला होता, लेडीबाईंनी पुन्हा एकदा वाकून कर्टसी केली.

आम्ही गाडीपाशी आलो. सोफीनं त्यांना आत बसवलं, पट्टा लावला, दार बंद केलं आणि गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "काही नव्हतं तिथे," ती जर्मनमध्ये म्हणाली. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "काहीच नव्हतं." तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो हलकेच बाजूला केला.

मी आत शेजारी बसले. लेडीबाईंचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी माझा हात धरला.

"पाहिलंस?" त्या कुजबुजल्या. "त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, मेधा. त्यांना बघावं लागलंच नाही. माझा हात त्यांनी ओळखला."

मी 'हो' म्हटलं. सोफीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हो म्हणत जा. पण मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. एवढं शिकलेली, एवढं जग बघितलेली बाई, अख्ख्या निवासातल्या माणसांची नावं जिला तोंडपाठ, तिला कुणी नावानं हाकही मारली नाही आणि ती खुशीत! नुसतं बावळटपणाचं खूश होणं ते. घरी येताना श्टाटबानमध्येही माझा राग उतरला नव्हता. लेडीबाई त्याच नोव्हेंबरात गेल्या. राजवाड्याकडून काही आलं की नाही, मी विचारलं नाही. सोफीनं सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांपर्यंत येईल त्या प्रत्येक नर्सला त्या ती बागेतली गोष्ट सांगत होत्या.

बागेतल्या त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर आईंनी दारातच विचारलं, "बोलली का गं राणी?"

"नाही."

"नावानंही नाही?"

"नाही आई. फुलं दिली हातात आणि काढून घेतली."

मला वाटलं होतं, आई हसतील, काहीतरी टोमणा मारतील. त्या आत गेल्या आणि त्या रात्री पोळ्या त्यांनी केल्या. मी बाजूला उभी राहिले. अख्ख्या मुक्कामातली ती एक रात्र. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मी.

योहानिस्टाग झाला, स्टॉल उठला आणि जुलैअखेर आई परत निघाल्या. मंदार आणि मी लांगेनहागनच्या विमानतळावर सोडायला गेलो. मंदार बॅगांचं वजन करत होता. रांगेत पुढे एक मराठी काकू भेटल्या, लेकीकडे आलेल्या, त्याही परत निघालेल्या. दोघींचं लगेच जमलं. गाव कुठलं, गुडघे कसे, सून कशी. मी आईंच्या मागे, त्यांची पर्स, शाल, गोळ्यांचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभी.

"सून ना?" आई त्या काकूंना म्हणाल्या. "बघावं लागलं नाही हो मला. तीन महिने काही सांगावंच लागलं नाही. हात मागे केला की वस्तू हातात." आणि तसाच हात त्यांनी मागे केला. मी बाटली दिली. त्या प्यायल्या, झाकण लावलं, हात मागे केला, मी घेतली. वळून पाहिलं नाही त्यांनी. माझ्याशी तर त्या बोलतच नव्हत्या.

तीन महिन्यांत माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी पदर सावरून जरा ताठ उभी राहिले. त्या काकूंनी वळून कौतुकानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली. परतताना ट्रेनमध्ये मी मंदारला सांगितलं, आई काय म्हणाल्या ते. मग परत सांगितलं, त्यांच्याच आवाजात, अगदी 'हो'सकट. "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. "गेनाऊ," मी म्हटलं. घरी पोचेपर्यंत मी खुशीत होते.